लॅटिनच्या पुस्तकातला अर्धा धडा

पुस्तक पहिल्यांदा घरी आलं त्या दिवशी मुलाने मला आधी हात धुऊन यायला सांगितलं. मी मटार सोलत होते. हात पुसून आले तर त्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ते ठेवलं होतं. कापडी बांधणी, मूळ रंग हिरवा होता की करडा हे सांगता येऊ नये इतकी विटलेली. कणा कधीतरी उसवला असावा, त्यावर कुणीतरी चामड्याची पट्टी शिवली होती, आणि ती शिवण पुस्तकं बांधणाऱ्याची नव्हती. बूट शिवणाऱ्याची होती. आतल्या पानावर लंडनचा छापखाना आणि शंभर वर्षांपूर्वीचं साल. इंग्रज शाळकरी मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक होतं ते.

"चोरलंस कुठून?" त्याच्या बाबांनी विचारलं.

"बाबा, प्लीज. मला दिलंय ते."

मुलगा झाल्यापासून मीही माझ्या पतींना बाबाच म्हणत आले आहे, तेव्हा इथेही तसंच लिहिते. बाबा बँकेत अधिकारी होते. आम्ही मूळचे सांगलीचे. बदलीवर लखनौला आलो तेव्हा तीन वर्षं काढू आणि परत जाऊ असं ठरवलं होतं. पण मला मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, इंदिरा नगरात घर झालं, आणि मुलगा छावणीच्या पलीकडच्या निवासी शाळेत गेला. इंग्रजांच्या वेळची शाळा. मुलं अकराव्या वर्षी तिथे जातात, गणवेश घालतात, कॅडेट म्हणवून घेतात, आणि त्यातली बरीच पुढे फौजेत जातात. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथे प्रत्येक मुलाला एक नंबर असतो, आणि मुलं एकमेकांना आयुष्यभर त्या नंबरानेही ओळखतात.

तेव्हा तो अकरावीत होता. नव्वद-एक्क्याण्णवचा हिवाळा असावा.

पुस्तकाची हकीकत त्याने त्या दिवशी जेवताना सांगितली. शाळेत एके काळी लॅटिन सक्तीचं होतं. ते बंद झालं तेव्हा सगळी पुस्तकं रद्दीत काढली. त्यातलं एक कुणा कॅडेटने पलंगाखाली दडवलं. शिकवणारा कुणी उरला नव्हता, पण त्याने आपल्या हिमतीवर पहिला धडा सोडवला, खाली आपला नंबर लिहिला, आणि फौजेत अधिकारी झाल्यावर शाळेत येऊन ते एका धाकट्या मुलाच्या हातात दिलं. त्या मुलाने दुसरा धडा सोडवला. तेव्हापासून तसंच चाललं होतं. एका कॅडेटने एकच धडा सोडवायचा. त्याला लागतील तितकी वर्षं लागू देत. पुस्तक फौजेच्या अकादमीत जातं, पलटणीत जातं, धडा पुरा झाला की परत शाळेत येतं आणि पुढच्या हातात पडतं. नाव कुणी लिहायचं नाही. धडा पुरा झाला तरच नंबर लिहायचा. कुणालाही विचारायला मुभा आहे, पण लेखणी स्वतःच्याच हातात हवी.

"आणि यातून मिळतं काय?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मार्क?"

"नाही."

"मग फौजेत लॅटिनमधून सॅल्यूट करणार का?"

मुलगा हसला, म्हणाला, यार बाबा, तुम्हाला नाही समजणार, तुम्ही बँकवाले. आणि पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आई, तू बघ ना."

मी पाहिलं. लॅटिन मला येत नव्हतं. लिपी रोमन, म्हणून वाचता येत होतं इतकंच. एका पानावर नामाची रूपं एकाखाली एक मांडलेली होती आणि ती मांडणी पाहून मला ओळखीचं घर दिसल्यासारखं वाटलं. प्रथमा, द्वितीया, षष्ठी. शब्द परके, पण चाल आमचीच. पुढे शब्दांची यादी होती. पाटेर म्हणजे पिता. माटेर म्हणजे माता. मग ‘इग्निस’ आला, अर्थ दिला होता आग, आणि मी खुर्चीवरून उठले. ‘अग्निः’ असं मोठ्याने म्हणाले म्हणे. मला स्वतःला ते आठवत नाही. बाप-लेकांनी पुढे कितीतरी दिवस माझी नक्कल केली म्हणून माहीत.

त्यानंतर सुट्टीच्या रविवारी तो घरी आला की आम्ही दोघं त्या टेबलाशी बसत असू. मी त्याला लॅटिन शिकवलं असं कुणी समजू नये. मी फक्त संस्कृतातून वाट दाखवायची, तो त्या वाटेने लॅटिनमध्ये जायचा, आणि बऱ्याचदा आम्ही दोघंही चुकत असू. त्याच्या वाट्याचा धडा अवघड होता. खाली लांबलचक वाक्यं सोडवायला दिली होती. सगळी वाक्यं शिबिराची, भिंतींची, नदी ओलांडणाऱ्या सैनिकांची. "हे पुस्तक शाळेचं नाही, पलटणीचं आहे," असं तो म्हणायचा.

आधीच्या कॅडेटांनी समासात आपापल्या भाषेत टिपा लिहिल्या होत्या. सुरुवातीच्या धड्यांत बारीक, उजवीकडे झुकलेली इंग्रजी. मग उर्दू, मग हिंदी, एका धड्यात गुरुमुखी, एकात बंगाली. आमच्या मुलाने मराठीत लिहायला घेतलं. तो बोलताना निम्मं हिंदी बोलायचा, वर्गात इंग्रजी, मित्रांत तर शुद्ध लखनवी. मराठी लिहायची वेळ त्याच्यावर सांगलीच्या आजोबांना पोस्टकार्ड पाठवण्यापुरती यायची. पण समासात तो मराठीच लिहीत होता. मी कारण विचारलं नाही. विचारलं तर थांबेल असं वाटलं.

शब्दकोश हवा होता. एका शनिवारी आम्ही हज़रतगंजला जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे, पांढऱ्या शेरवानीतले, त्यांनी आम्हाला आधी बसायला वेताचे मोढे दिले, मग काय हवं ते विचारलं. लॅटिनचा कोश म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं.

"साहबज़ादे डॉक्टर बनेंगे या पादरी?"

"फ़ौजी," मुलगा म्हणाला.

"अल्लाह ख़ैर करे. दुश्मन को लैटिन में डाँटिएगा?"

त्यांनी शिडी लावून वरच्या फळीवरून एक कोश काढून दिला. किंमत सांगताना इतके संकोचले की घासाघीस करायची मलाच लाज वाटली. बाहेर येऊन आम्ही चाट खाल्ली. मुलगा शाळेच्या गणवेशात होता, त्यामुळे उभ्याने खाताना इकडेतिकडे बघत होता, कुणी शिक्षक दिसतात का म्हणून.

पुस्तकाचा एक नियम मला माझ्या सवयीमुळे कळला. आधीच्या एका धड्यात, फाळणीच्या आसपासचा असावा, मला एक उत्तर चुकलेलं दिसलं. वाक्याचा अर्थ पार उलटा झाला होता. शहर जिंकणारा हरलेला ठरला होता. मी टेबलावरची पेन्सिल उचलली. मुलाने माझं मनगट धरलं.

"नाही आई. तो त्याचा धडा आहे."

"अरे, पण चूक आहे."

"असू दे. पुढे तो ब्रिगेडियर झाला."

बाबा पेपरमागून म्हणाले, आता कळलं आपण लढाया कशा लढतो ते. पण मुलगा हसला नाही. त्याने मला समजावून सांगितलं की दुसऱ्याच्या धड्याला कुणी हात लावत नाही. चूक असली तर ती त्याची चूक म्हणूनच पुढे जाते. बारा-पंधरा वर्षं मी लाल शाईने वह्या तपासत आले होते. मला तो नियम पटला नाही, पण पेन्सिल खाली ठेवली.

शाळा संपेपर्यंत त्याचा धडा एक तृतीयांशही झाला नव्हता. पुस्तक त्याच्याबरोबर अकादमीत गेलं. तिथे त्याला झोपायला वेळ मिळत नव्हता, तर लॅटिनला कुठून मिळणार? सुट्टीत यायचा तेव्हा ट्रंकेतून पहिल्यांदा ते बाहेर काढायचा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्यांत ते गुंडाळलेलं असे. दोन-तीन वाक्यं व्हायची, सुट्टी संपायची. तो घाई करत नव्हता. पुष्कळ मुलांनी धडा कसाबसा उरकून नंबर लिहिला असेल, याचं मात्र एकेक वाक्य मोजून-मापून चाललं होतं. अडलं तर पत्रात वाक्य लिहून पाठवायचा आणि खाली लिहायचा, उत्तर सांगू नकोस, फक्त विभक्ती सांग.

अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडला त्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. त्याच्या खांद्यावरचं कापड बाबांनी एका बाजूने काढलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि खालचे तारे दिसले. त्या क्षणाविषयी मला फार लिहिता येणार नाही. आजूबाजूला शेकडो आईबाप तेच करत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की मैदानात आपलाच मुलगा आहे.

शेवटच्या सुट्टीत तो शाळेत जाऊन आला. म्हणाला, दहावीत एक मल्याळी पोरगा आहे, डोकं खातो, सर, किताब में क्या है, सर, मुश्किल है क्या. पुस्तक त्यालाच देणार. धडा निम्म्याच्या पुढे गेलाय, पुढच्या सुट्टीत संपवतो आणि देऊन टाकतो.

पुढची सुट्टी आली नाही. सीमेवरच्या एका उंच ठाण्यावरून खाली परतताना बर्फाचा कडा कोसळला. तुकडीच्या पुढे तो चालत होता. अधिकाऱ्याने पुढे असायलाच हवं असं तिथे नव्हतं, असं मला नंतर त्याच्या वरिष्ठांनी सांगितलं. वाट नवी पडली होती, म्हणून तो स्वतः पुढे झाला. मागचे सगळे सुखरूप उतरले. त्यातले चौघं आमच्याकडे येऊन गेले. एकाने बाबांचे पाय धरले ते सोडीना.

त्याची काळी लोखंडी ट्रंक घरी आली. त्यात दुधाच्या पिशवीतलं पुस्तक होतं, लोकरी मोज्यांच्या मध्ये ठेवलेलं.

किती तरी आठवडे मी ते उघडलं नाही. मग उघडलं आणि मिटवेना. शेवटच्या काळातल्या टिपा मी पाहिल्या नव्हत्या. अक्षर लहान झालं होतं, थंडीत लिहिल्यासारखं. कुठे विभक्ती, कुठे शब्दाचा अर्थ. एका ठिकाणी ‘इग्निस’ पुन्हा आला होता, त्याच्यापुढे त्याने लिहिलं होतं: ‘हा शब्द पाहून आई उठून उभी राहिली होती.’ बाकी काही नाही. पुढे लगेच पुढचं वाक्य.

त्याचं इतकं मराठी दुसरीकडे कुठेच नव्हतं. पत्रं होती, पण ती आम्ही बरे आहोत ना, हे विचारण्यासाठी लिहिलेली. इथे तो एकटा बसून विचार करत होता आणि तो विचार मराठीत होता. मी ठरवून टाकलं की पुस्तक या घरातून जाणार नाही.

त्या थंडीतच एक कॅप्टन आमच्याकडे आला. मुलाच्या आधी पुस्तक याच्याकडे होतं. यानेच ते आमच्या मुलाच्या हातात दिलं होतं. मूळचा कुमाऊँचा, उंच, फार कमी बोलणारा. स्कूटर फाटकाबाहेर लावून तो बूट काढून आत आला. मी पोहे केले. त्याने ते सगळे खाल्ले, दुसऱ्यांदा विचारल्यावर पुन्हा घेतले. पुस्तकाचं नाव काढलं नाही. तास गेला असेल. शेवटी मीच विचारलं, किताब के लिए आए हो ना?

"जी आंटी. लेकिन आप जब कहें, तब. जल्दी किसी को नहीं है."

मी पुस्तक आणून त्याच्यासमोर ठेवलं आणि मुलाचा धडा दाखवला. शेवटची काही वाक्यं राहिली होती. खाली नंबर नव्हता. मी त्याला सरळ विचारलं, याचं काय करायचं असतं? धडा पुरा न करता कुणी गेला तर?

त्याने पुस्तक मधोमध उघडलं. तिथलाही एक धडा अर्धवट होता. मी तो पूर्वी पाहिला होता, कुणी कंटाळून सोडला असेल असं समजले होते. काही वाक्यांपुढे हिंदीत उत्तरं, पुढे समास कोरा, खाली नंबर नाही, आणि पुढचा धडा दुसऱ्याच अक्षरात. कॅप्टन म्हणाला, तो लढाईत गेला. आम्ही कुणी जन्मलो नव्हतो तेव्हा. पुढच्याने त्याचा धडा तसाच ठेवला आणि आपला सुरू केला.

 बाबा म्हणाले, म्हणजे आमच्या मुलाचा नंबर या पुस्तकात येणार नाही.

कॅप्टनने पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

मी म्हटलं, उरलेली वाक्यं मला येतात. आज दुपारी सोडवते. तुम्ही लोक हरकत घ्याल?

"कोई मना नहीं करेगा आंटी," तो म्हणाला. "मैं भी नहीं."

त्याने मनाई केली असती तर मी भांडले असते. त्याचा आवाज इतका शांत होता की भांडायला जागाच राहिली नाही. तो गेला. जाताना म्हणाला, महिनाभर शहरातच आहे, रजेवर.

दुसऱ्या दिवशी धुकं दुपारी उठलं आणि गच्चीवर ऊन आलं. मी चटई टाकली, कोश घेतला, पुस्तक घेतलं. बाबा मागोमाग आले. त्यांनी आपलं शाईचं पेन आणलं होतं, दौतही.

"तू सोडव," ते म्हणाले. "नंबर मी लिहीन."

"त्याने स्वतः लिहायचं असतं."

"त्याला लिहिता आलं असतं तर त्याने लिहिलाच असता ना? आठ वर्षं ओझं वाहिलं पोराने. सगळ्यांचे नंबर आहेत, त्या उलट्या उत्तरवाल्याचासुद्धा आहे, आणि याचा नाही? हे कसं चालेल तुला?"

मला ते चालणार नव्हतंच. बाबा चूक बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी पहिलं राहिलेलं वाक्य घेतलं. सोपं होतं. सैनिकांनी अंधार पडण्याआधी शिबिराची भिंत पुरी केली. विभक्ती लागत होती, क्रियापद सापडत होतं. अशी मोजकीच वाक्यं, संध्याकाळपर्यंत झाली असती.

पण अक्षर कुणाचं काढणार? माझं अक्षर त्याच्या अक्षराखाली आलं असतं तर वाचणाऱ्याला तो कुठे थांबला ते दिसलं असतंच. त्याच्यासारखं काढलं असतं तर ती नक्कल झाली असती. मुलींच्या परीक्षेत मी न सोडवलेल्या प्रश्नाला कधी गुण दिले नाहीत, रडून मागितले तरी. हे सगळं मनात येत होतं आणि तरी पेन हातातच होतं.

मग मी तो जुना अर्धा धडा उघडला. पाहून ठरवावं म्हणून नाही. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. ऊन पानावर तिरपं पडलं होतं. पुस्तकं हाताळण्यात माझं आयुष्य गेलं, पण एक गोष्ट घरातल्या उजेडात मला दिसली नव्हती. त्या पानाचा खालचा कोपरा काळा झाला होता. अंगठ्यांनी. बाकीची पानं पिवळी होती, स्वच्छ होती. एकदा सोडवली, नंबर लिहिला, संपलं. ती कुणी पुन्हा उघडली नव्हती. हे एकच पान मऊ पडलं होतं, कापडासारखं. नंतर आलेल्या प्रत्येकाने ते उघडलं होतं. नुसतं उघडलं नव्हतं, प्रत्येक जण त्यावर थांबला होता. त्या काळ्या कोपऱ्यात आमच्या मुलाचाही अंगठा असणार.

मी बाबांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पान उन्हात धरलं, बराच वेळ पाहिलं.  माझ्या हातातलं पेन घेऊन टोपण लावलं आणि दौत उचलून खाली गेले. राग गेला नव्हता, हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

मला कसं वाटलं ते सांगायचं तर, अभिमान वाटला. दुःख होतं, ते दुसऱ्या कुठल्या तरी बाजूला होतं. त्याने जेवढं केलं तेवढं त्याचं होतं, त्यात माझं एक अक्षर नव्हतं, आणि ते तसंच पुढे जाणार होतं. मुलाच्या टिपा मात्र मी त्या दुपारी आणि पुढच्या काही दुपारी बसून उतरवून घेतल्या. आई म्हणून तेवढा हक्क मी घेतला.

आठवड्याभराने कॅप्टनला निरोप पाठवला. तो आला, पण पुस्तक घ्यायला तयार होईना. ज्याच्याकडे आहे त्यानेच द्यायचं असतं, आता ते तुमच्याकडे आहे, असं म्हणाला. आम्ही तिघं शाळेत गेलो. मुलांचा खेळाचा तास चालू होता, मैदानावरून ओरडा येत होता. वसतिगृहाच्या व्हरांड्यात तो मल्याळी मुलगा आधीच उभा होता. आता अकरावीत गेला होता. केस ओले करून बसवलेले, गणवेश कडक. आमचा मुलगा सांगायचा तसा बडबड्या वगैरे मुळीच दिसत नव्हता. घाबरला होता.

मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते काही आठवलं नाही. सर ने आपका नाम लिया था, एवढंच म्हणाले.

"जी मैम."

त्याने पुस्तक उघडलं. मला वाटलं आपला धडा बघेल. त्याने तो जुना अर्धा धडा काढला, पुस्तक उघडं धरून ताठ उभा राहिला, आणि समोर भिंतीकडे बघत एक नंबर म्हणाला. पानावर तो नंबर कुठेच नव्हता. कॅप्टनने तोच नंबर त्याच्यामागून म्हटला.

मी कॅप्टनकडे पाहिलं. तो म्हणाला, हा त्याचा नंबर. जो लढाईत गेला त्याचा. पुस्तक देताना घेताना दोघांनी म्हणायचा असतो, बाहेर कुणाला सांगायचा नसतो; याला तो काल मी शिकवला. मलाही असाच मिळाला आणि मी तुमच्या मुलाला असाच दिला. पुस्तकात इतके नंबर लिहिलेले आहेत आंटी, त्यातला एकही मला पाठ नाही. हा एक पाठ आहे.

"तुमने उस दिन बताया क्यों नहीं?"

"बता देता तो आप हमारे लिए अधूरा छोड़तीं."

मग त्याने आमच्या मुलाचा धडा काढायला सांगितला. पोराने पान उलटलं, मराठी अक्षरांवरून बोट फिरवलं, वाचता येत नव्हतं तरी. शेवटच्या उत्तराशी थांबला. कॅप्टन सावधान झाला. नंबर तोच सांगणार होता, तोंड उघडलंही होतं, पण बाबा पुढे झाले. त्यांनी आपल्या मुलाचा शाळेतला नंबर सांगितला. आवाज मोठा होता, मैदानावरच्या दोन-तीन मुलांनी वळून पाहिलं.

पोराने तो म्हटला. घाईत दोन आकडे मागेपुढे झाले.

"नहीं," बाबा म्हणाले. तीस वर्षं खात्यांचे आकडे पडताळलेला माणूस. "आराम से. एक-एक अंक. फिर से बोलो."

पोराने पुन्हा म्हटला, या वेळी बरोबर. बाबांनी मान हलवली आणि आणखी एकदा म्हणायला लावला.